दारावरची फुली

पल्स पोलिओच्या कामाला मी लागले ती काही समाजसेवेची हौस म्हणून नव्हे. घरात बसून डोकं पिकत होतं, आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना कुरकुर न करता जिने चढणाऱ्या बायका हव्या होत्या. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. भाईंदर आणि मिरा रोडच्या मध्ये इमारती इतक्या भराभर उठत होत्या की मागच्या फेरीला जिथं मिठागराचं पाणी पाहिलं, तिथं पुढच्या फेरीला ए विंग आणि बी विंग उभी असायची. रविवारी बूथ आणि सोमवारपासून आम्ही घरोघर. खांद्याला बर्फाचा डबा, हातात खडू.

घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस झाला की दारावर इंग्रजी पी लिहायचा आणि खाली तारीख. घराला कुलूप असलं, पोर बाहेर गेलेलं असलं किंवा घरच्यांनी नाही म्हटलं, तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, पी होईपर्यंत जायचं. मागून सिस्टर तपासायला यायच्या त्या दारं वाचतच वर चढायच्या. जिच्या वाट्याला फुल्या जास्त, तिला बोलणी जास्त. मला बोलणी खायची सवय नव्हती, आणि माझं नाक तेव्हा फार वर असायचं.

चौथ्या माळ्यावरचं ते दार साखळीपुरतंच उघडलं. फटीत एक डोळा आणि ओढणीची कड दिसली.

"बच्चा नहीं है," बाई म्हणाली. त्याच वेळी आत एक पोर खोकलं.

मी लगेच भाषण सुरू केलं. डोसानं काही होत नाही, लोक अफवा उठवतात, आम्ही पण आमच्या पोरांना देतो, वगैरे. हिंदीत, चाची चाची करत. खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, ह्यांच्यात हे असंच. बाईनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी फुली मारली.

संध्याकाळी गेले तर फुली नाही. दारावर ओल्या फडक्याचा डाग होता. पुन्हा मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डाग. डोक्यात तिडीकच गेली. तिसऱ्यांदा मी इतकी दाबून फुली काढली की खडू मोडला. उरलेला तुकडा जिन्यातल्या मीटरच्या खोक्यावर ठेवला आणि रागाच्या भरात तिथंच विसरून आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या जिन्यातल्या सोळाच्या सोळा दारांवर फुली होती.

खालच्या माळ्यावर माणसं जमली होती. गुजराती, यूपीवाले, आपली मराठी, सगळे एकमेकांशी हिंदीत भांडत होते. कुणी म्हणे चोरांची खूण आहे, रात्री येणार. दुसऱ्या माळ्यावरच्या काकांना ती करणी वाटत होती आणि त्यांची बायको दारासमोर मिरच्या-लिंबू घेऊन उभी होती. मी वर चढत गेले. सगळ्या फुल्या एकाच उंचीवर होत्या, ठेंगण्या बाईच्या छातीइतक्या, आणि सगळ्या सारख्याच काळजीनं काढलेल्या. ह्यात कुणाची खोडी नव्हती. खोडी करणारा माणूस एवढं नीट काम करत नाही.

चौथ्या माळ्यावर साखळीच्या फटीतून तो डोळा माझ्याकडे बघत होता.

खाली येऊन मी सगळ्यांना सांगितलं, "ते पोलिओचं आहे. माझीच चूक झाली." का सांगितलं ते मला तेव्हा उमगलं नव्हतं. लोकांनी मला यथेच्छ झापलं. मग मी कुणाकडून तरी फडकं मागून घेतलं आणि एकेक दार पुसत वर गेले.

शेवटचं दार पुसताना ते उघडलं. बाईच्या पायांतून एक दीड वर्षाची पोर बाहेर आली, तशी बाई तिच्यावर खेकसली, "आत हो गो. कवाडाशी येव नको."

मी फडकं हातात धरून उभीच राहिले. माझी आजी मला असंच ओरडायची, ह्याच शब्दांत. तीन दिवस मी ह्या बाईला हिंदीत अक्कल शिकवत होते.

"मावशी, तुम्ही कुठल्या?"

"रत्नागिरीकडल्या," ती म्हणाली. "आत ये. कवाड लाव."

आत शिरताच दाराला लागून दोन बादल्या होत्या, काठोकाठ भरलेल्या, आणि दोन्हींत एकेक गोणपाट भिजत घातलेलं. आमच्याकडे पाण्याची बोंब नेहमीचीच, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बादलीत गोणपाट कशाला, हे मात्र विचारायचं सुचलं नाही. भिंतीला खिळ्यावर एक पिशवी होती, तोंड बांधलेली. मुलगा आणि सून दोघंही कामावर जायची आणि दिवसभर घरात आजी आणि नात दोघीच. पोरीनं मुकाट्यानं तोंड उघडलं. मी डोस दिला, करंगळीच्या नखावर शाई लावली आणि सवयीनं खडू काढला. मावशीनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"कवाडावर काय लिवू नको."

तिनं कारण सांगितलं ते चौथ्या फेरीला. तोवर मी चहाला बसण्याइतकी ओळखीची झाले होते. ती पोरीच्या वेण्या घालत होती आणि सगळं त्या केसांकडे बघूनच बोलली. ब्याण्णवच्या दंगलीच्या आधी ती मुंबईत एका चाळीत राहायची.

"दोन पोरगे आले. हातात कागद. रेशनकार्डाची यादी करतंव म्हनाले. चांगल्या घरचे वाटले. मीच त्यांना चाय दिली. त्यांनी इचारलानी, ह्या माळ्यावर तुमचे लोक किती. मी बोट करून दाखवला. ह्यो, ह्यो आनि त्यो टोकाचा. जाताना कवाडांवर फुल्या मारलानी. मी म्हटला, रेशनवाल्यांची खून असेल."

दोन दिवसांनी बरोबर तीच दारं पेटली. टोकाच्या घरातल्या म्हातारीला बाहेर काढायला मावशीचा नवरा गेला तो परत आला नाही. मुलाला घेऊन ती आधी गावी गेली, आणि मग इकडे, जिथं तिच्यासारखी पुष्कळ माणसं आली होती. हे तिनं मुलालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, यादी कुठल्या तरी कचेरीतून गेली.

"मीच सांगितला गो," ती म्हणाली. वेणीला रिबीन बांधून झाली तरी तिचे हात पोरीच्या डोक्यावरच होते. दाराशी भिजणारी गोणपाटं आगीसाठी होती आणि खिळ्यावरची पिशवी पळून जाण्यासाठी, हे मला तेव्हा कळलं. चहा निवून गेला आणि मी तो तसाच प्यायले.

घरी येऊन मी त्या दाबून काढलेल्या फुलीचा विचार करत बसले. एकदा नव्हे, तीनदा मारली होती. आणि तिनं काय केलं होतं, तर सगळ्या जिन्याला फुल्या मारल्या, म्हणजे तिची तेवढी ओळखू येऊ नये. मला स्वतःची लाज वाटली.

सिस्टरांशी माझं चांगलंच वाजलं. "मार्किंग नाही तर काम नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग ते दार तुम्ही करा. शेवटी तोडगा मावशीनंच काढला. पी दाराच्या आतल्या बाजूला लिहायचा. सिस्टर तपासायला आल्या की मावशी साखळी काढून दार पुरतं उघडायची, त्या आत डोकावून वाचायच्या आणि तोंड वाकडं करून जायच्या. एकदा त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं की मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात अशा माणसांसाठी डॉक्टर असतात. आमच्या केंद्रात तापाच्या गोळ्या होत्या, खोकल्याचं औषध होतं, ह्याचं काही नव्हतं. मी मावशीला विचारलं. "मी येडी न्हाय," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी चहा झाला नाही.

पण फेऱ्या येत राहिल्या, आणि मधल्या काळातही मी जायला लागले. आम्ही माशाच्या कालवणात त्रिफळं किती घालायची ह्यावर वाद घालायचो. मुर्धा गावच्या कोळणीकडून तिच्यासाठी बोंबील आणायचे तर ती दर वेळी त्यात खोट काढायची. हळूहळू दाराशी एकच बादली दिसायला लागली. मग एकदा त्या बादलीत कपडे भिजवलेले होते. खिळ्यावरची पिशवी पलंगाखाली गेली. एका दुपारी मी गेले तर मावशी चक्क जिन्यात शेजारणीसोबत लसूण सोलत बसलेली, आणि मागं दार सताड उघडं. मी मनातून अशी फुगले की जणू मीच तिला बरी केली.

पोरगी पाच वर्षांची व्हायला आली, तिचा शेवटचा डोस. मी आतल्या बाजूला लिहायला वळले तर मावशीनं हात पुढं केला. "आन इकडं." ती बाहेर गेली आणि दारावर पी काढला, खाली तारीख. पी जरा वाकडाच आला. ती दोन पावलं मागं सरून त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल, शहरात स्फोट झाले.

पुढचे दिवस फार वाईट होते. दुकानं उघडी होती पण माणसं हळू बोलायची. आमच्या बाजूच्या गल्लीतली काही मुलं पोलिसांनी चौकशीला नेली, त्यातली कुठली परत आली आणि कुठली नाही ह्याच्या रोज नव्या बातम्या. रोज नमस्कार करणारे लोक मान खाली घालून जात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना, म्हणून मी मावशीकडे निघाले.

जिन्याच्या तळाशी दोघं उभे होते. साधे, इस्त्रीचे शर्ट घातलेले. एकाच्या हातात डायरी.

"ताई, तुम्ही पोलिओवाल्या ना?" तो हसून म्हणाला. "बरं झालं भेटलात. तुम्हाला तर सगळी घरं ठाऊक असणार."

"हो, आता इतकी वर्षं येतेय ना," मी म्हटलं. मला बरंही वाटलं, कुणीतरी ओळखलं म्हणून.

"चौथ्या माळ्यावर कोण असतं हो? कोपऱ्यातल्या घरात?"

"तिथं ना, दिवसभर आजी आणि नात दोघीच. बाकीची कामावर जातात."

त्यानं डायरी उघडली आणि लिहिलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला. मग कळलं मी काय केलं ते.

"मुलगा कुठं कामाला आहे?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. ठाऊक होतं. "मला कुणाचंच काही ठाऊक नाही. आम्ही फक्त पोरांची वयं लिहितो." आणि त्यांच्या मधून वाट काढून मी जिना चढले. त्या वाकड्या पीसमोर उभी राहून मी पदरानं तो पुसायला लागले. पी इतर बऱ्याच दारांवरही होते, त्यावरून कुणाचं काही कळणार नव्हतं, हे मला समजत होतं. तरी मी पुसत होते.

दार उघडलं. साखळी नव्हती. मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग जिन्याखाली.

"तुला पन इचारलानी?"

मी मान हलवली.

"सांगितलास?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. "सांगितलं," मी म्हटलं. "मावशी, तोंडातून निघून गेलं. चांगली माणसं वाटली."

खालून त्या दोघांचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. तिनं मला आत ओढलं, दार लावलं, साखळी घातली. पलंगाखालून पिशवी काढून खिळ्याला अडकवली. मोरीतून दोन बादल्या आणल्या आणि एक नळाखाली ठेवली. पोरगी कोपऱ्यात बसून हे सगळं पाहत होती. मी पदरात तोंड खुपसून रडत होते.

"रडू नको," मावशी म्हणाली. "तुजा गुन्हा न्हाय. तुला काय ठाऊक ते कशाला इचारतत? मानूस म्हनून इचारलानी, मानूस म्हनून सांगितलास. तुजा काय गुन्हा?"

आणि बोलता बोलता ती थांबली. हात नळावर तसाच राहिला. मग ती खाली बसली, मोरीच्या ओल्या काठावरच, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. तोंडावर ओढणी धरून, आवाज दाराबाहेर जाऊ नये अशी.

पहिली बादली भरून वाहत होती. मी ती उचलून दाराशी ठेवली आणि दुसरी नळाखाली लावली.