मी काढलेले दुर्मिळ प्राणी

चित्र चांगलं आलं की लोक पाहतात आणि पुढे जातात. बिघडलं की थांबतात, बोलतात, घरी जाऊन चार जणांना सांगतात. त्यामुळे माझ्याकडे चित्रांपेक्षा किस्सेच जास्त साठले!

मी अड्याळच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वाघ कमी झाल्याची चर्चा सत्तरच्या दशकात सुरू झाली, तेव्हा एका रेंजर साहेबांनी मला गाठलं. "मास्तर, गावोगावी बोर्ड लावायचे आहेत. दुर्मिळ प्राणी काढून द्या." मी लगेच हो म्हटलं. अडचण एकच. त्यातला एकही प्राणी मी पाहिला नव्हता!

*

पहिला वाघ. मॉडेल म्हणून घरची मांजर समोर बसवली, पट्टे मनानेच मारले. बोर्ड कोंढा गावात लागला. शेतावरून परतणारे एक आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"मास्तर, चांगल्या बोक्याले पट्टे काहून मारले जी?"

*

खवल्या मांजराचा तर फोटोही मिळेना. फॉरेस्ट गार्ड म्हणाला, "सोपं हाय जी. तोंड मुंगसावानी, शेपूट घोरपडीवानी, अन् अंगावर कवेलू टाकल्यावानी खवले." मी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, तेवढी लक्षात ठेवली. रंगही विटकरीच दिला.

हेडमास्तरांनी चष्मा पुसून चित्र पाहिलं. "छान. पावसाळ्यात गळत नाही ना?"

*

मोहाडीच्या बाजारात 'यांना वाचवा!' हा बोर्ड टांगायला मीच स्टुलावर चढलो. स्टूल सरकलं, मी खांबाला लोंबकळलो, डोक्यावर बोर्ड! सगळा बाजार हसत उभा. शेवटी एक भाजीवाली ओरडली, "पाहून काय राहिले? लिवलं हाय ना, वाचवा म्हणून!"

*

मग आलं पाणमांजर. अड्याळजवळच्या एका तलावात सदूभाऊ मासे धरायचे. पाणमांजर जाळी फाडायचं, म्हणून दिसलं की ते काठीच घालायचे. रेंजर साहेबांनी मुद्दाम त्याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माझा बोर्ड लावला. सदूभाऊंनी तो दोनदा वाकून पाहिला आणि निघून गेले. मला वाटलं, कलेचा परिणाम!

आठवड्याने ते शाळेत आले. "चाला मास्तर, कागद-पेन्सिल घ्या."

पाळीवर फाटलेलं जाळं पडलं होतं. शेजारी मोठ्या टोपलीखाली जिवंत पाणमांजर फुसफुसत होतं.

"काठी उचललीच होती जी. मंग तुमचा बोर्ड आठवला. म्हटलं, मास्तरनं याले पाह्यलंच नाही. एक डाव पाहू द्या."

टोपलीच्या फटींतून ओल्या मिशा दिसत होत्या, माझ्यावर रोखलेले डोळे दिसत होते. जन्मात पहिल्यांदा चित्र बरोबर आलं! सदूभाऊंनी ते नीट पाहिलं, मान हलवली आणि टोपली उचलली. पाण्यावर एक रेघ लांबपर्यंत गेली.

मी म्हणालो, "सदूभाऊ, आता बोर्डावर हेच चित्र काढतो."

जाळं गोळा करता करता ते म्हणाले, "नोका काढू जी. जुनंच राहू द्या. ते पाहून याले कोनी ओळखत नाही, म्हनून तं वाचते!"