मशीनवरचा कॅल्क्युलेटर

आमच्या वहिनीचा डावा कान कामातून गेलाय. उजवा अजून शाबूत आहे, पण डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलं, त्या आवाजातून बाहेर पडा, नाहीतर हाही जाईल. आवाज म्हणजे ग्राइंडिंग मशीनचा. लोखंडाला चाक लागलं की जी किंकाळी उठते, ती वहिनी लग्नाआधीपासून ऐकतेय. कानात बोळे घालते, पण बोळ्यांनी काय होणार, कप्पाळ!

सुटायला वाट एकच, त्याच कारखान्याचं ड्रॉइंग ऑफिस. तिथं दारं बंद असतात आणि माणसं हळू बोलतात. बदली हवी तर डिप्लोमा पुरा पाहिजे, आणि डिप्लोम्यात तिचा एकच विषय अडकलेला, कॅल्क्युलस. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा बसू देतात, चौथ्यांदा नाही.

पेपरचे दोन भाग असतात. पहिल्यात कॅल्क्युलेटर न्यायचा नाही, दुसऱ्यात चालतो, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. दोन्ही वेळा ती आपटली ती पहिल्या भागात, म्हणून या खेपेला सगळा जोर तिकडेच लावला. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण नणंदेला छळायचा हक्क असतोच. ती भांडी घासायला बसली की मी पुस्तक घेऊन तिच्या उजव्या कानाशी उभी.

"साइनचं डेरिव्हेटिव्ह?"

"कॉस."

"कॉसचं?"

"साइन."

"उणे साइन! वहिनी, उणे कुठं गेलं?"

"मोरीत वाहून गेलं," ती म्हणायची. चिडली की मला मुद्दाम वन्सं म्हणते. "वन्सं, तुमच्यापेक्षा ते मशीन परवडलं."

दुसऱ्या भागाची कोणालाच फिकीर नव्हती. तिथं ती दोन्ही वेळा पास झाली होती. दादा म्हणाला, "यंत्र हातात असताना नापास व्हायला वेगळी हुशारी लागते." घरचा कॅल्क्युलेटर मध्यंतरी बंद पडला होता, म्हणून वहिनी कारखान्यात मशीनवर वापरायचा तो पेपरला घेऊन गेली. रोजच्या हातातला होता, बरा वाटला.

परीक्षेवरून आली ती हसतच. पहिला भाग सगळा सोडवला होता, उण्यासकट. दादानं तर नव्या ऑफिसात डबा कुठं ठेवायचा इथपर्यंत मजल मारली. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी तिला भांड्यांना हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आज पहिलाच जॉब तीस अंशांचा होता," ती म्हणाली. तिरका जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, घासायचा तर तो एका पट्टीवर धरतात, आणि पट्टीखाली किती उंचीचे ठोकळे ठेवायचे ते कॅल्क्युलेटरवर काढतात. "साइन तीस दाबलं. अर्धा आला."

"मग, चुकलं?"

"नाही गं. बरोबर आलं."

मला काही कळेना. मग तिनं एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. कोन मोजायच्या दोन रीती. कारखान्यात अंश, कॅल्क्युलसमध्ये रेडियन. कुठली रीत हवी ते कॅल्क्युलेटरला बटण दाबून सांगावं लागतं. घरचा कायम रेडियनवरच असायचा. मशीनवरचा कायम अंशांवर; त्याचं ते बटण तेलकट बोटांनी चुकून दाबलं जाऊन जॉब भंगारात जायला नको, म्हणून वहिनीनंच त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. काल पेपरात रीत बदलली असती, तर आज साइन तीसला भलताच आकडा आला असता.

"आला नाही," ती म्हणाली. "म्हणजे काल दुसरा भाग सगळा अंशांतच झाला."

"अगं, पण रीत बरोबर असेल ना? रीतीचे मार्क देतील की!"

"दुसऱ्या भागात नुसती उत्तरं लिहायची असतात. निम्म्याच्या वर कोनांचीच होती."

मला रडू फुटलं. तिच्या जागी मी असते तर तो कॅल्क्युलेटर चाकाखाली घातला असता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? ठोकळे लावले," ती म्हणाली, "आणि मशीन चालू केलं."