पदराची सावली

अकोल्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझं शिकाऊ वर्ष चालू होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पेशंटला प्रश्न विचारतानाही, आपण विचारावं का, असं वाटायचं.

पातूरकडची एक भाजीवाली मावशी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आली. "डाव्या डोळ्यापुढं तीन दिवसांपासून काळे मच्छर उडून राहिले. हाकलले तं जात नाही. अन् अंधारात गेली का इजा चमकते."

तक्ता तिनं जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मला हायसं वाटलं. वाचताना ती डावीकडचा पदर सारखा मागं सारत होती. "कालपासून हा मधी मधी येते," म्हणाली. मीही एकदा तो नीट करून दिला. माझी आईही डोक्यावर पदर घेते. त्यात काय विचारायचं?

आम्हाला डोळे तपासायला शिकवणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी माझा कागद वाचला. "मच्छर, विजा लिहिलंस. बाजूनं सावली येते का, विचारलंस?"

"नाही... म्हणजे, त्यांचा पदर मधे येत होता."

मॅडम उठल्याच.

"मावशी, पदर खाली घ्या जरा."

"बाप्पा, डोकं उघडं करावं लागते का?"

"आपण तिघीच आहोत."

उजवा डोळा झाकायला लावून मॅडमनी डावीकडून बोटं धरली. "किती?"

मावशीनं पदर सारायला हात नेला. "बोटं कुठी हाय? पदरच दिसून राहिला अजून."

पदर तिच्या मांडीवर होता.

मॅडमनी आधी टॉर्चनं दोन्ही बाहुल्या तपासल्या, मग बाहुली मोठी करणारे थेंब घातले. अर्ध्या तासानं डोळ्यात पाहिलं आणि मलाही पाहू दिलं. आत नारिंगी उजेड होता, त्यात बारीक लाल शिरा. एका बाजूला राखाडी घडी, ओल्या मलमलीसारखी. डोळा हलला की हळूच लहरायची. मावशीनं आजवर पाहिलेलं सगळं एवढ्याशा पातळ पडद्यावर उमटलं होतं. मी पाहत राहिले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, सकाळी ऑपरेशन.

"उद्या नाही जमत. वांगे तोडून ठेवले," मावशी म्हणाली.

"मधली नजर अजून शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच घाई. ती गेली तर इतकी परत येईलच असं नाही."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू सांग."

"राहा, मावशी."

तिनं पोराला फोन लावला. "वांगे तूच ने बाजारात. अन् भाव पाडून देऊ नको."

ऑपरेशननंतर दीड महिन्यानं ती आली. मी सांगायच्या आत तिनं पदर खाली घेतला, उजवा डोळा झाकला. मी डावीकडून बोटं धरली.

"दोन."

हात आणखी मागं नेला.

"दोनच हाय. आता पदर मधी येत नाही वं."