आठवा बुश

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. "सकाळीच गेला रं," त्याचा भाऊ म्हणाला. मी हातातलं काम पुरं केलं आणि मग मशीन बंद केली. असला मी माणूस! सहा आठवडे झाले, ते मिनिट अजून टोचतंय.

जनार्दन गव्हाणचा, इंजिनाचा मिस्त्री. पनवेलात माझ्या टर्निंगच्या, म्हणजे लेथवर धातू कातून पार्ट करायच्या, दुकानाला लागून त्याचं गॅरेज. महासंशयी. कुणीही पार्ट करून आणला की आधी गेज काढून मोजणार आणि केसभर फरक दिसला तरी "ने परत" म्हणून हातात ठेवणार. माझं काम मात्र त्याने कधी मोजलं नाही. "याचा हात म्हंजे गेजच हाय," असं गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि मी फुगायचो.

त्याच्याकडे वडिलांची जुनी जीप होती. तिच्या इंजिनातले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे दांडे, सपाट बुडाचे, खालच्या फिरत्या कॅमवर घासून घासून तो खाऊन टाकायचे, आणि नवा कॅम बाजारात मिळेनासा झालेला. जनाने ठरवलं, भंगारातून रोलरचे टॅपेट आणायचे, म्हणजे घासण्याचा प्रश्नच मिटला. कॅम रोलरजोगा घासून घेतला. इंजिनाच्या ब्लॉकमधल्या भोकांत बुश, म्हणजे टॅपेट सरळ धरणाऱ्या धातूच्या नळ्या, बसवायचे आणि रोलर आडवा फिरू नये म्हणून दोन-दोन टॅपेट पट्टीने जोडायचे. लोक हसले. "म्हातारीला स्केटिंग शिकवतोस काय?" तो म्हणायचा, "हसा. ही चालली ना, तर आमच्या खाडीवरच्या होड्यांची जुनी इंजिनंपण वाचतील."

बुश करायचे माझ्याकडे. आठ. गनमेटलचा तुकडा तेवढ्यापुरताच आणलेला, नववा निघाला नसता. तेव्हा करंजाड्यात इमारती उठत होत्या, एक कंत्राटदार माझ्या उरावर बसलेला. घाईत आठव्याचं भोक जरा मोठं झालं. मला कळलं, तिथल्या तिथे कळलं. सांगितलं असतं तर जना चार शिव्या घालून दुसरा तुकडा घेऊन आला असता, बस्स. पण ते "गेजच हाय" आडवं आलं. मी आठही फडक्यात गुंडाळून दिले, त्याने न मोजता बसवले.

शिरढोणपर्यंत जीप शिवणयंत्रासारखी चालली. जना मोठ्याने गात होता. परत फिरलो आणि खड्... खड्... गॅरेजात उघडून पाहिलं तर आठवा टॅपेट कललेला, पट्टी तुटलेली, कॅमची वाट लागलेली. "माझी पट्टीच पातळ पडली रं," तो म्हणाला. मी शेजारी बसून "होतं असं" म्हणालो. लाज नाही वाटली मला!

त्यानंतर त्याने नवीन काही केलंच नाही. होड्यांचा विषय काढला की म्हणायचा, "जाऊ दे, आपल्या डोक्याचं काम नाय ते." दहा वर्षं तो स्वतःच्या डोक्याला दोष देत राहिला आणि मी रोज त्याच्यासोबत चहा पीत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर जनाच्या बायकोने, वहिनींनी, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात दिला. आत त्याचं गेज आणि ते आठ बुश, पुसून तेल लावून ठेवलेले. "तुमचं काम ते कधी मोजायचे नाय," त्या म्हणाल्या. "तुमीच ठेवा हे." मी सांगायला तोंड उघडलं... तर त्या म्हणाल्या, "चा घ्या." आणि मी चहा घेतला.

डबा आता लेथवरच्या फळीवर आहे. प्रत्येक काम त्याच गेजने मोजून देतो. पेपरची ही पुरवणी गव्हाणातही जाते, वहिनी वाचतात. म्हणून इथे लिहितो. वहिनी, जनाची पट्टी बरोबर होती, डोकंही बरोबर होतं. आठवा बुश मी चुकवला आणि गप्प बसलो. गेज माझ्याकडे नको असं वाटलं तर सांगा... डबा पुसून ठेवलाय.