पौषात खाडा पडला नाही

अंगात आलेल्या बाईपुढं मी कधी नारळ ठेवला नाही. पिंपळावरच्या मुंजाला भिऊन कधी वाट बदलली नाही. चौथी शिकल्यानं फार शहाणपण येतं असं नाही, पण ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास बसत नसे... अजूनही बसत नाही. हे मात्र ऐकलेलं नाही. तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं घर केदारखेड्याला, पूर्णेच्या अंगाला. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं. भादव्यात यांना मुदतीचा ताप आला आणि उतरताना डाव्या पायातला जीव घेऊन गेला. पाय टाकला की दुमडायचा. पेरणी तोंडावर आणि तिफण धरणारा माणूस बाजेवर. घरात आणखी धाकटा दीर बापू आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

गावच्या तालमीचे वजीर उस्ताद हाडंही बसवायचे. त्यांनी पाय दाबून, पिरगाळून पाहिला आणि म्हणाले, "पाय मेला न्हाई, झोपलाय. त्याला रोज उठवा. थंडीत खाडा पडला तर मंग बिलकुल उठायचा न्हाई."

तालमीतली तांबडी माती टोपल्यांनी आणून गोठ्यात हौद केला. आढ्याला दोर बांधला. तो धरून यांनी रोज पहाटे मातीत बैठका काढायच्या. पण तालमीचा नेम असा की माती रोज खणल्याशिवाय तीत पाय ठेवायचा नाही. न खणलेली माती रात्रीतून दगड होते, दुखऱ्या पायाला मारते. खणणारा अंघोळ केलेला पाहिजे. आणि ती मारुतीची माती, बाईमाणसानं शिवायची नाही.

खणायचं काम बापूकडं आलं. दिवाळीपर्यंत त्यानं केलंही. मग थंडी पडली. आत्याबाई म्हणायच्या, आमच्या बापूचं गोधडीशी लगीन लागलंय, दुसरी बायको कशाला बघायची. एका पहाटे मी अंघोळ करून सडा घालायला निघाले, तर बापू घोरत पडलेला आणि हौद तसाच. कुणी नव्हतं. मी कुदळ घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. बापूला कळलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "वैनी, आईला सांगू नका," आणि पुन्हा गोधडीत शिरला.

आत्याबाईंना कळतं तर त्यांनी माती फेकूनच दिली असती. यांच्याशी तर दिवसाउजेडी बोलायची रीतच नव्हती. बापूच खणतो असं सगळे धरून चालले आणि मला ते बरंच होतं. पायाची बोटं हलू लागली. गुडघा थोडा थोडा भार घेऊ लागला.

पौषात असं गारठलं की हरभऱ्याचे शेंडे करपले. त्यातच बापू गावच्या गाड्यांबरोबर कापूस घेऊन बदनापूरच्या स्टेशनाला गेला. जाताना आईला म्हणाला, खणायची सोय केलीय; ती सोय म्हणजे मीच. आणि त्याच संध्याकाळी मला कावळा शिवला.

चार दिवस बाहेर बसायचं. गोठ्याला लागून एक पडवी होती, मधे कुडाची भिंत. तिथं घोंगडी अंथरून बसले. आता माती कोण खणणार? आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना वाकताही येत नव्हतं. कुणाला बोलवा म्हणावं तर आजवर कोण खणत होतं ते सांगावं लागणार. उस्तादांचं बोलणं डोक्यातून जाईना. इतक्या महिन्यांचा पाय माझ्यापायी पुन्हा झोपणार. मी मनात म्हटलं, मारुतीराया, मी बाहेरची आहे, आता तुझं तू बघ... नवस नव्हता तो. वैताग होता.

पहाटे खणण्याच्या आवाजानं जाग आली. आमच्या कुदळीचा दांडा कुरकुरायचा. हा आवाज कुरकुरत नव्हता. दमदार, सावकाश — वाटलं, बापू परत आला. कुडाच्या फटीतून पाहिलं.

कुणी नव्हतं. कुदळ मी कोपऱ्यात टेकवली होती तशीच होती. आणि हौद काठापासून काठापर्यंत खणलेला. मातीतून वाफ निघत होती. दोन्ही बैल उठून हौदाकडं तोंड करून उभे. रवंथ नाही, शेपूट नाही. मालक वैरण घेऊन आला की उभे राहतात तसे.

परक्या माणसापुढं अंगण ओलांडायला भिणारी मी, पण भीती वाटली नाही. हात आपोआप जोडले गेले. मग आठवलं, बाहेरचीनं जोडू नयेत. पण सोडवेनात.

हे काठी टेकत आले, मागं आत्याबाई. यांनी मातीत पाय ठेवला आणि थांबले.

"आई, बापू आला का? माती ऊन लागून राह्यली."

आत्याबाई पुढं झाल्या. मातीला न शिवता त्यांनी वरूनच तळहात धरला, शेकोटीवर धरतात तसा. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

चारही पहाटा असंच झालं. शेवटच्या दिवशी बैठका काढता काढता यांनी दोर सोडला आणि आधाराशिवाय उठले. कुडाच्या अलीकडं मला फक्त रिकामा दोर हललेला दिसला आणि आत्याबाईंचं रडणं ऐकू आलं. मला तिकडं जाता येत नव्हतं.

बापू त्यानंतर आला. तो बदनापुरातच होता, सोबतचे सगळे गाडीवान सांगत होते. आत्याबाईंनी उस्तादांना विचारलं. तालमीतलं कुणी आलं नव्हतं. उस्तादांनी हौदातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि बोलणं दुसरीकडं नेलं.

पुढं पुष्कळ वर्षांनी, आत्याबाई गेल्यावर, मी यांना सगळं सांगितलं. हे हसले.

"तू खणायचीस ते ठाऊक होतं मला. बापूची माती ढेकळांची. तुझी बारीक, मेथीच्या वाफ्यासारखी. पायाला कळायचं." मग हसणं थांबलं. "त्या चार दिवसांतली तुझी नव्हती."

कुणाची होती, मी विचारलं. यांनी आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं.

"तेवढं पायाला न्हाई कळलं."

त्या पायानं यांनी म्हातारपणापर्यंत तिफण धरली. मला अजून उलगडा झालेला नाही. नारळ मी आजही ठेवत नाही. पण पाचव्या दिवसाची पहाट डोळ्यांपुढून जात नाही. न्हाऊन गोठ्यात गेले. बैल बसून रवंथ करत होते. हौदातली माती गार, घट्ट, कुणी कधी खणलीच नव्हती अशी. कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या आल्या.

माझं काम कुणीतरी बराबर माझ्यासाठी ठेवलं होतं. मी पदर खोचला आणि खणायला लागले.