ओल्या पुठ्ठ्याचा वास

आमच्या मामाला सगळे 'नाक' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. जुन्या द्राक्षमळ्याच्या तळघराचा तो कारभारी. मामी गेल्यापासून आम्ही दोघंच तळघरावरच्या खोल्यांत राहायचो, आणि मी खाली पेले धुवायचे.

तळघरात भरदुपारीही संध्याकाळ असायची. लाकडी पिंपं ओळीने आडवी, आणि मामा त्यांच्यामधून पाय न वाजवता फिरायचा, झोपलेल्या मुलांच्या खोलीतून फिरावं तसा. मधेच थांबून एखादं पिंप हुंगायचा आणि डोळे मिटून हसायचा. काय आठवलं विचारलं तर म्हणायचा, "तुला नाही कळायचं, ठमे." मला राग यायचा. पण त्या अंधुक उजेडात राग फार वेळ टिकत नसे.

त्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. मला कळलं ते शेगडीवर दूध करपलं तेव्हा. मी जिन्यापासून नाक धरून धावत आले, तर मामा शेजारीच बसून निवांत बटाटे सोलत होता.

"येईल परत," तो म्हणाला. "मालकीणबाईंना बोलू नकोस. किल्ल्या गेल्या तर मी करू काय?"

मी तोंडाला कुलूप लावलं. तो अजूनही पिंपापाशी थांबायचा, हुंगायचा, पण हसायचा नाही. ते मला बघवत नव्हतं.

वसंतात वाइनचे समीक्षक आले. दरवर्षीचेच तिघे: एक उंच, एक चष्मेवाल्या बाई, आणि एक म्हातारे, जे नेहमी उशिरा यायचे. यंदा चाखायची होती ती लाल वाइन मामाने मामी गेली त्या वर्षी स्वतः जुळवली होती. बाटलीत पडून पडून ती आता कशी झालीय, हे त्याला लोकांच्याच तोंडून कळणार होतं.

आमच्याकडे रीत अशी, की बाटली उघडली की ओतणाऱ्याने आधी हुंगायचं. बुचापायी एखादी बाटली नासते, कुबट वास मारते. वास स्वच्छ असेल तर मान हलवायची, मगच ओतायचं. मामाने हुंगलं, मान हलवली आणि ओतलं.

"आलुबुखार," उंच समीक्षक म्हणाला. "पिकून झाडाखाली पडलेले."

"छे, धूर आहे," बाई म्हणाल्या. "विझलेल्या शेकोटीचा. आणि मागून गुलाब."

"तुम्हाला दरवर्षी गुलाब कसा हो सापडतो?"

मामा खिडकीशी उभा राहून एकेक शब्द कानांनी चाखत होता. आलुबुखार, धूर, गुलाब. त्याचे ओठ नकळत हलत होते.

म्हातारे आले तोवर पहिली बाटली मालकीणबाई आणि त्यांच्या पाहुण्यांमध्ये संपली होती. मामाने दुसरी उघडली, हुंगली, मान हलवली.

म्हाताऱ्यांनी घोट घेतला आणि थांबले. "मला तर ओला पुठ्ठा लागतोय."

"व्यक्ती तितक्या प्रकृती," उंच म्हणाला, आणि सगळे हसले.

म्हातारे हसले नाहीत. त्यांनी पुन्हा हुंगलं आणि पेला हळूच दूर सारला. "यांनी मान हलवलीय म्हणजे बाटली ठीकच असणार. माझंच नाक गेलं. वय झालं आता. पुढच्या वर्षी मला बोलावू नका."

मामा गप्प राहिला असता तर सहज निभावलं असतं. त्या तिघांचं एकमत कधी झालंय? गप्प बस मामा, मी मनातल्या मनात म्हणत होते.

त्याने बाटली टेबलावर ठेवली. "साहेब, तुमचं नाक शाबूत आहे. गेलंय ते माझं. हिवाळ्यातच गेलं."

मालकीणबाईंनी बाटली हुंगली आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, "किल्ल्या इथे ठेवून द्या. खोल्या तुमच्याच राहतील."

मामाने कमरेचा जुडगा सोडला. त्याचे रिकामे हात बघून मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

म्हाताऱ्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. इतकी वर्षं उभेच आहात. वाइन तुमची आहे, आज आम्ही सांगतो आणि तुम्ही ऐका."

मामा बसला. सवयीने त्याने तिसरी बाटली उघडली, नाकाशी नेली, मान हलवायला गेला आणि थांबला. मग त्याने ती माझ्यापुढे धरली. "बघ, ठमे."

मी हुंगलं. आधी काहीच आलं नाही. मग अगदी लांबून, अर्धवट झोपेत यावं तसं काहीतरी आलं. तिघांपैकी कुणीच ते म्हटलं नव्हतं. मी मान हलवली आणि पहिला पेला मामाला भरला.

"काय आहे?" त्याने हळूच विचारलं.

"चादरी," मी म्हटलं. "उन्हात वाळलेल्या. मामीने घडी घालून ठेवलेल्या."

मामाने डोळे मिटले आणि पूर्वीसारखा हसला.