पांढऱ्या घोडीचं पथ्य

"ती पाटी आधी मागे घ्या," मी म्हणाले.

पाटीत मक्याचा भरडा होता. समोरची पांढरी घोडी इतकी वाळलेली, की बरगड्या मोजून घ्याव्यात. छावणीतल्या बायकांनी मायेनं आणलेलं खाणं मी परत पाठवलं, तशा त्या माझ्याकडे रागानं बघू लागल्या.

दुष्काळाचं वर्ष होतं. युसूफ वडगावजवळ दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. सरकारी व्हेटर्नरी डॉक्टर म्हणून माझी तिथे रोज व्हिजिट असे. ही घोडी आदल्या दिवशी कुठूनशी चालत आली होती.

सोसायटीचे चेअरमन भास्करअण्णा पुढे आले. "मॅडम, उपाशी जनावर हाय. कावून आडवता?"

"एकदम खाल्लं तर मरेल, अण्णा."

मी समजावून सांगितलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला दाणा झेपत नाही. तो पोटात आंबतो, गॅस धरतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट फुटूही शकतं. म्हणून फक्त वाळलेला लसूणघास, दर चार तासांनी अर्धा किलो.

"पण छावणी गाई-म्हशींची हाय. घोडी हिशोबात कशात धरू?"

"कशातच धरू नका. तुमच्या विहिरीवरचा घास वाळवून पाठवा."

अण्णांनी जरा विचार केला. "पाठवतो," म्हणाले.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी घोडी जमिनीवर लोळत होती. कॉलिक, म्हणजे पोटशूळ. शेजारी एक माणूस रडवेला होऊन उभा. तो तिचा मालक नवनाथ. वरातीला घोडी द्यायचा त्याचा धंदा. लग्नं साधेपणानं व्हायला लागली, चारा संपला, तेव्हा त्यानं तिला फाट्यावर सोडून दिलं होतं.

"राती येऊन पाटीभर भरडा घातला, मॅडम. सोडून दिल्याची लई लाज वाटत हुती."

"लाज नंतर. आधी हिचं डोकं धरा."

इंजेक्शन दिलं. नाकातून पोटात नळी घातली. आंबूस पाणी आणि गॅस भसाभसा बाहेर आला. हे काम मला चांगलं येत होतं. दुपारी घोडी उठली आणि तिनं लीद टाकली. कॉलिकमध्ये याहून चांगली बातमी नसते.

"ह्याला हाकलून देतो," अण्णा म्हणाले.

"नको. आजपासून चारा हेच देतील. मोजून."

नवनाथ वजनाचा ताणकाटा घेऊन छावणीतच राहिला. एकदा मला विचारायला आला, "मॅडम, घास दोन काड्या जास्त भरतोय. काढू का?"

महिन्यानं मूठभर भरडा सुरू केला. पुढच्या लग्नसराईत घोडी वरातीत चालली.

उपाशी घोडी सांभाळायला मला फार कष्ट पडले नाहीत. तिच्यावर दया करणारी माणसं सांभाळताना मात्र घसा बसला.